अधिकृत पासपोर्टधारक

दोन देशांनी एकमेकांना काय माफ करावं हा त्यांचा प्रश्न. त्यात शिरूर कासारच्या बाईनं नाक खुपसायचं काही कारण नव्हतं. पण मी खुपसलं, आणि तेही पूर्ण अभ्यास करून. म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेली बातमी दोनदा वाचून.

माझं शिरूरमध्ये ऑनलाईन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, आणि लाईट असली तर नेट. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्डात नाव घालणं, रेशन कार्डातून नाव काढणं, आधारवर सुनेचं वय सासूपेक्षा जास्त पडलं असेल तर ते खाली आणणं, असली सगळी कामं मी करते. लोक पिशवीतून कागद काढतात, समोर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मी म्हणेन ते खरं. पंधरा वर्षं लोक तुम्हालाच विचारत राहिले की आपणही कधी कुणाला विचारायचं असतं, हे डोक्यातून पार निघून जातं. माझ्या तर गेलंच होतं.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर नवऱ्यासोबत परदेशात गेली. तो तिकडं एका कारखान्यात वेल्डर आहे. देशाचं नाव लिहीत नाही. आत्ताच कुठं करार झालाय, माझ्यामुळं बिघडायला नको. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यात ती एकटी होती, नवरा कामावर होता, आणि आजूबाजूला कुणाला तिची भाषा कळत नव्हती. त्यानंतर वर्षभर ती फोनवर नीट बोललीच नाही. स्वयंपाक काय केला, एवढं सांगायची आणि ठेवायची.

मग पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात तिनं आईला फोन केला आणि म्हणाली, "आई, मला दुसरं काही नको. फकस्त त्या टायमाला तू माझ्या जवळ पायजे." आई म्हणाली, "मी आसंन." झालं. माझ्या आईनं आयुष्यात जे मोजके शब्द दिले आणि पाळले, त्यातलाच हा एक, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. आता तिला तिथं पोचवायचं काम माझं होतं. गावाला अख्खं सरकार मी पोचवते, एक आई पोचवणं काय अवघड.

पासपोर्ट बीडच्या पोस्टातून काढला. आईचं वय बासष्ट, शाळा चौथीपर्यंत, सही करता येते पण करताना जीभ बाहेर येते. चौकशीला हवालदार घरी आला, चहा प्याला आणि विचारलं, "परदेशात कावून चालल्या मावशी?" आई म्हणाली, "लेकीच्या बाळंतपणाला." त्यानं तेवढं लिहून घेतलं, आमच्या घराचे चार कोपरे उगाच बघितले आणि शेरा मारला. महिन्याभरात निळी वही आली. वर तीन सिंह, आत आईचा फोटो. आई म्हणाली, "फोटोत मी चोरावानी दिसतेय." पण वही तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि कुणी आलं की काढून दाखवायची. आमच्याकडं बियाणं बोगस निघतं, खत बोगस निघतं, दाखला बोगस निघतो, कधीमधी डॉक्टरही बोगस निघतो. अशा ठिकाणी एक वस्तू अस्सल निघाली, पोलिसानं घरी येऊन तपासलेली. तिला अभिमान वाटणारच.

मग व्हिसा. त्याची फाईल बघितली आणि मला आमच्या तहसीलचं प्रेम आलं. जावयाच्या पगाराच्या चिठ्ठ्या, त्याच्या घराचा करारनामा, बहिणीचं निमंत्रणपत्र, डॉक्टरचा कागद, आई परत येईल याचा पुरावा. परत येईल याचा पुरावा काय द्यायचा? आमच्या दोन शेळ्या आहेत, त्यांचे फोटो जोडू का, असं मी फॉर्मसमोर बसून मोठ्यानं म्हणाले. तरी सगळं जमवलं, मुंबईच्या केंद्रातली तारीख घेतली. बाळंतपणाला तेव्हा दोन महिने होते. हिशेबानं सगळं बसत होतं.

आणि तारखेच्या चार दिवस आधी ती बातमी आली.

गावाच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातला तुकडा टाकला होता. त्यात आमच्याच देशाचं नाव, म्हणजे बहिणीच्या. 'उभय देशांत व्हिसामाफी करार. राजनैतिक व अधिकृत पासपोर्टधारकांना पुढील महिन्यापासून व्हिसाविना प्रवेश.' खाली दोन मोठी माणसं हात मिळवताना. फोटोत दोघंही हसत होते. हसणारच, त्यांना कुठं कुणी परत येण्याचा पुरावा मागतो.

मी वाचलं. राजनैतिक म्हणजे राजकारणातले, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना आजवर कुठं काय लागलंय? टोल लागत नाही, रांग लागत नाही, व्हिसा तरी कशाला लागेल. आणि अधिकृत पासपोर्टधारक म्हणजे आपण. ज्याचा पासपोर्ट अधिकृत आहे तो. बोगस नाही तो. मी स्वतः भरलेला फॉर्म, पोस्टात दिलेले ठसे, हवालदाराचा शेरा, तीन सिंह. यापेक्षा अधिकृत आणखी काय असतं? माझ्या सेंटरच्या पाटीवरही 'अधिकृत केंद्र' असंच लिहिलंय. अधिकृत विक्रेता, अधिकृत धान्य दुकान, अधिकृत बांधकाम. हा शब्द मी दिवसातून वीसदा लिहिते. मला त्याचा अर्थ शिकवायला कोण येणार?

मी मुंबईची तारीख रद्द केली. माझ्या हातानं. स्क्रीनवर विचारलं होतं, नक्की रद्द करायची का? मी म्हणाले, नक्की.

आई म्हणाली, "पोरी, एकदा कुणाला तरी इचारून घे की."

"कुणाला विचारू?" मी म्हणाले. "लोक मला विचारतात."

 आई माझ्यावर विश्वास ठेवते, हा तिचा दोष.

व्हिसा माफ झाल्याची बातमी शिरूरमध्ये मीच पसरवली. आमच्याकडं 'माफी' या शब्दाला फार वजन आहे. तो ऐकला की माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात. दुसऱ्या दिवशी सेंटरवर एक आजोबा आले आणि विचारू लागले, "सरसकट हाय का निकष हायेत?" दुसऱ्यानं विचारलं, "यादी कवा लागंल?" तिसऱ्याला जाणून घ्यायचं होतं की आधार लिंक असावं लागतं का आणि सातबारा लागतो का. त्यांच्यापैकी एकाकडंही पासपोर्ट नव्हता. जायचं कुठंच नव्हतं. पण माफी आली आणि आपण अर्जच केला नाही, असं नको. मी सगळ्यांना समजावून सांगितलं: पासपोर्ट अधिकृत असेल तर सरसकट. निकष काही नाहीत. आजोबा म्हणाले, "निकष न्हाईत? मंग काहीतरी घोळ हाय." मी हसले. आता वाटतं, त्या दिवशी सेंटरमध्ये एकच शहाणा माणूस बसला होता आणि तो मी नव्हते.

त्या बातमीची मी रंगीत प्रिंट काढली आणि लॅमिनेशन केलं. आमच्याकडं लॅमिनेशन केलेल्या कागदाशी कुणी वाद घालत नाही. आईला म्हणाले, कुणी काही विचारलं तर फक्त हे दाखव, बोलायचं नाही. आईनं ते पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं. सोबत कपिलधारचं भस्म, डिंकाचे लाडू, बाळंतिणीला बांधायला जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्या आणि बाळासाठी टोपडी. टोपडी तीन होती. पहिल्या खेपेची दोन तिनं ठेवूनच दिली होती, त्यातलं एकही घेतलं नाही. तिन्ही नवीन शिवली.

मुंबईला ट्रॅव्हल्सनं गेलो. विमान दुपारचं होतं. दारावरच्या जवानानं आईचं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, तोंड बघितलं आणि सोडलं. मला आत जाता येत नव्हतं. मी काचेबाहेर उभी राहून मनात म्हणाले, बघा, अधिकृत नसता तर सोडलं असतं का. आईनं आतून वळून हात केला. नऊवारीतली बाई ट्रॉली ढकलत चाललेली, आणि कुठं अडली नाही. मला एवढं बरं वाटलं की मी चहा घेतला आणि तो विमानतळाचा असूनही मला वाईट लागला नाही.

पाऊण तासानं आईच्या नंबरवरून फोन आला. बोलणारा माणूस दुसराच होता.

"ताई, मी तुमच्या आईंच्या शेजारी उभा आहे. आम्ही याच विमानानं चाललोय. काउंटरवाले काय म्हणतात ते आईंना कळेना, म्हणून मी मध्ये पडलो." आवाज मऊ, साहेबी. मग म्हणाला, "बीडचे का तुम्ही? आईंच्या बोलण्यावरून वाटलं. माझी सासुरवाडी धारूरची."

मी म्हणाले, "हो. काय झालं?"

"व्हिसा नाहीये ना."

"माफ झालाय," मी म्हणाले. "आईकडं कागद आहे."

"कागद बघितला मी. लॅमिनेट केलेला." तो हसू आवरत असावा. भला माणूस होता. "ताई, ते अधिकृत म्हणजे ऑफिशियल पासपोर्ट. तो वेगळा असतो, पांढरा. सरकारी कामानं जाणाऱ्यांना मिळतो. आमचा तसा आहे, आम्ही पाणलोटाच्या अभ्यास दौऱ्यावर चाललोय. राजनैतिक म्हणजे वकिलातीतल्या लोकांचा, तो लालसर. तुमच्या आईंचा निळा. साधा. म्हणजे मराठीत काय म्हणतात त्याला, सामान्य."

मागून आईचा आवाज आला. "काय म्हणायलेत? आपला बोगस हाय का?"

"बोगस नाही हो आई," तो तिला म्हणाला. "सामान्य आहे."

पाणलोटाचा अभ्यास. आमच्या तालुक्यात पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे आमच्या शेळ्यांनाही माहीत आहे, कारण येतच नाही. पण अभ्यासाला परदेशात जावं लागतं आणि त्याला व्हिसा लागत नाही. दोन सरकारांना आपसात बसून एवढी गोष्ट नक्की पटली होती, की अभ्यास दौऱ्यावरचे साहेब परत येतात आणि बाळंतपणाला निघालेली आई येत नाही. मी हे सगळं त्या माणसाला फोनवर ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याच्या हातात काही नव्हतं, तोही पाठवला म्हणून चालला होता. आईनं त्याला लाडवांची पिशवी पुढं केली आणि म्हणाली, एवढं तरी लेकीपर्यंत पोचवा. तो म्हणाला, दुसऱ्याचं सामान नेता येत नाही, नियम आहे. आई म्हणाली, "बराबर हाय." तिला नियम फार लवकर पटतात.

विमान कंपनीची एक मुलगी आईला बाहेर सोडून गेली. आई ट्रॉलीशेजारी, बॅगेवरच बसली. लॅमिनेशन अजून हातात होतं. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. मला रडायला येत होतं आणि चीडही येत होती, आणि चीड कुणाची, तर पेपरवाल्याची, सरकारची, त्या साहेबाची, त्याच्या सासुरवाडीची. माझा नंबर सगळ्यात शेवटी आला.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बहीण होती.

"आई, बसलीस का? माझ्या पोटात सकाळपासून दुखायलंय. डॉक्टर म्हणतात, आज-उद्याच. दवाखान्यात जायलाव आमी. तू बसलीस ना इमानात?"

आठ दिवस आधीच सुरू झालं होतं. विमान नऊ तासांचं. आई बसली असती तर पोचली असती.

आईनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "खरं सांगू का?"

आणि इथं मी पुन्हा जाणकार झाले. एकदा तोंडावर आपटून मन भरलं नव्हतं. मी म्हणाले, "अजिबात सांगू नको. ह्या वेळेला तिला धक्का बसला तर? आधीच एकदा काय झालंय माहीत आहे ना? निघाले म्हण."

"खोटं बोलू?"

"निघाले म्हण, आई."

आईनं फोन कानाला लावला. "निघाले बघ, पोरी. आता फोन बंद करा म्हणायलेत. तू भिऊ नको." आणि फोन बंद करून पदरात गुंडाळला. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या डोक्यानं चांगलं झालं.

परतीच्या गाडीत मी आईला म्हणाले, मला चार शिव्या दे. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "तुझं काय चुकलं? सामान्याला न्हाई, एवढंच लिवायचं होतं त्यांनी. आपल्याला लगीच कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आई देवासमोर जाऊन बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही. मी पेढे वाटले. शिरूरमध्ये एव्हाना सगळ्यांना कळलं होतं आणि मला वाटलं, आता माझी टर उडवतील. पण कुणी हसलं नाही. सेंटरवर माणसं यायची आणि हळूच म्हणायची, "निकषात बसलं न्हाई का?" मी मान हलवायची. तेही मान हलवायचे. त्यांना करार, पासपोर्टचे रंग, काहीही समजावून सांगावं लागलं नाही. ते आजोबा फक्त एवढंच बोलले, "मॅडम, पुढच्या टप्प्यात येईल नाव."

जावयाला आईनं फोनवरच खरं सांगितलं होतं; बहिणीला त्यानं ते तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती आईशी बोलायची, पण थोडंच. माझा फोन उचलायची नाही. मी मेसेज टाकायची, बाळाचे फोटो पाठव म्हणून. फोटो आईच्या फोनवर यायचे, माझ्या नाही. जावई म्हणाला, ताई, तिला थोडा वेळ द्या. मी म्हणाले, घे बाई वेळ. मनात मात्र म्हणत होते, एवढं काय, बाळ सुखरूप आहे, तू सुखरूप आहेस, चूक झाली ती काय मी मुद्दाम केली का. मी अशी आहे.

मी पुन्हा फाईल केली. नवी तारीख, नवे कागद, शेळ्यांचे फोटो सोडून सगळं. या खेपेला मी मुंबईच्या केंद्रातल्या बाईला प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारला. 'कायम पत्ता' म्हणजे काय, हेसुद्धा विचारलं. ती बाई वैतागली. वैतागू दे. सात आठवड्यांनी आईच्या निळ्या वहीत व्हिसा चिकटला आणि आई एकटी गेली. सामान्य म्हणून गेली आणि पोचलीही. तेव्हा बाळाला दोन महिने झाले होते.

आई पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीनं मला फोन केला. स्वतःहून. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, आई बाळाला न्हाऊ घालायलीय. मी बाहेर आलेय बोलायला." आवाज शांत होता. मला हायसं वाटलं. मी तिला सांगायला लागले की बघ, अधिकृत या शब्दाचा अर्थ कुणीही असाच घेतला असता, आणि निघाले म्हण असं मी सांगितलं ते तुझ्याच भल्यासाठी. ती मग म्हणाली, "तुला एक सांगायचंय. चिडून न्हाई सांगत."

"सांग."

"हितं बाळंतपणाला आत एकाच माणसाला येऊ देतेत. नर्सनं इचारलं, कोण येणार. मी म्हणलं, आई. तिनं माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ठेवली, आईसाठी म्हणून. चौदा तास मला कळा येत होत्या, ताई. नर्स तीनदा येऊन म्हणली, ही खुर्ची नेऊ का, दुसऱ्या बाईला पायजे. मी न्हाई म्हणले. हे आत आले बसायला, तर मी ह्यांना बी उठवलं. म्हणलं, बसू नका तिथं, आई यायलीय."